लिंकनचे वडील चांभार नव्हते
दर काही महिन्यांनी ही गोष्ट फिरत येते. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर सिनेटमध्ये पहिल्या भाषणाला उभा राहतो. एक तालेवार सिनेटर उठून म्हणतो, ‘तुझा बाप आमच्या घरचे जोडे शिवायचा, विसरू नकोस.’ लिंकन विचारतो, त्यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार आहे का? असेल तर द्या इकडे, मलाही जोडे शिवता येतात. सभागृह चिडीचूप. खाली हात जोडलेले इमोजी. हल्ली पुरवणीही असते: बाप भूमिहीन, पोटासाठी गावोगाव भटकणारा.

गोष्ट चटकदार आहे. तिच्यातलं खरं इतकंच, की लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला.

सिनेटचं आधी उरकून घेऊ. राष्ट्राध्यक्ष म्हणून लिंकनचं पहिलं भाषण 4 मार्च 1861 ला कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीच्या, पूर्वेकडच्या दर्शनी बाजूला, उघड्यावर, जमलेल्या लोकांसमोर झालं. मध्येच उठून राष्ट्राध्यक्षाचा बाप काढायची तिथे सोय नव्हती. लिंकनच्या बापाला, थॉमसला, तर तेव्हा जाऊन दहा वर्षं झाली होती. त्याचं मोठेपणीचं बहुतेक आयुष्य केंटकी, इंडियाना आणि इलिनॉयच्या रानवस्त्यांत गेलं; तिथे बसून सिनेटरांच्या घरच्यांच्या पायाचं माप तो घेणार कसं?

आता चांभारकी. थॉमस चांभार असता तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण नव्हता. तो शेतकरी होता आणि जोडीला सुतार. केंटकीतल्या एलिझाबेथटाउनच्या आसपास त्याने लोकांची लाकूडकामं केली. खोलीच्या कोपऱ्यात बसणारी त्याच्या हातची कपाटं आजही जपून ठेवलेली आहेत. 1818 मध्ये त्याची बायको नॅन्सी ‘दुधाच्या आजारा’ने गेली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईच्या दुधातून तो व्हायचा. इंडियानाच्या त्या जंगलात तिची शवपेटी थॉमसनेच बनवली. 1821 मध्ये तिथल्याच लिटल पिजन क्रीकचं बाप्टिस्ट पंथाचं प्रार्थनाघर उभं राहिलं, तेही त्याच्या देखरेखीखाली.

बापाच्या नावाने गहिवरणारा मुलगा हाही कल्पनेचाच. 1860 मध्ये स्वतःची माहिती लिहून देताना लिंकनने वडिलांबद्दल म्हटलं, की ते शिक्षणाविना वाढले आणि लिहिण्याच्या नावाने कशीबशी सही करण्यापलीकडे कधी गेले नाहीत. जानेवारी 1851 मध्ये वडील अंथरुणाला खिळल्याचं कळलं. लिंकनने सावत्र भावाला कळवलं, की आता भेट झाली तर आनंदापेक्षा त्रासच जास्त होईल. पाचच दिवसांनी थॉमस गेला. मुलगा अंत्यविधीलाही गेला नाही. तरी 1853 मध्ये स्वतःला चौथा मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव थॉमसच ठेवलं. बापलेकांचं असं असतं. फॉरवर्डवाल्यांना ते सरळसोट हवं असतं.

राहिलं ‘भूमिहीन भटक्या’चं. हे चांभारकीइतकं निखालस खोटं नाही, म्हणून जास्त फसवं आहे.

थॉमसचा बाप कॅप्टन अब्राहम चांगला जमीनदार होता. केंटकीत हजारो एकरांवर त्याचे दावे होते. मे 1786 मध्ये शेतात काम करताना मूळनिवासींच्या हल्ल्यात तो मारला गेला. आठ वर्षांचा थॉमस जवळच होता. त्याच्याकडे येणाऱ्या हल्लेखोराला थोरल्या भावाने, मॉर्डेकायने, घरातून गोळी घातली, म्हणून तो वाचला. पण केंटकी तेव्हा व्हर्जिनियात मोडत होतं आणि वडिलांची जमीन थोरल्याकडे जाण्याचा कायदा जिवंत होता. तो कायदा 1 जानेवारी 1787 पासून मोडीत निघाला. बाप आठ महिने आणखी जगता तर थॉमसला वाटा मिळता. तो मोलमजुरी करत वाढला.

तरी 1803 मध्ये, पंचविशीत, त्याने 118 पौंडांना 238 एकर घेतले. 1808 मध्ये केंटकीतच सिंकिंग स्प्रिंगची जमीन घेतली. पुढच्या वर्षी अब्राहम तिथेच जन्मला. 1814 च्या करयादीत 98 जणांत मालमत्तेच्या हिशेबाने थॉमसचा नंबर 15 वा होता. याला कफल्लक म्हणायचं?

मग जमिनी गेल्या कुठे? केंटकीत सरकारी मोजणीच धड झालेली नव्हती. हद्द म्हणजे अमुक झाडापासून तमुक ओढ्यापर्यंत. झाड पडलं की भांडण सुरू, आणि एकाच तुकड्यावर दोन-तीन दावेदार. पहिली जमीन विकताना थॉमसला ती 200 एकरच धरून 100 पौंडांना द्यावी लागली. दुसरीवर जुना बोजा निघाला. तिसरीकडे, नॉब क्रीकला, जुन्या दावेदाराच्या बाहेरगावच्या वारसांनी त्याला हुसकावण्याचा दावा लावला. लिंकनने स्वतः लिहिलंय, की केंटकी सोडण्यामागे काही अंशी गुलामगिरी होती, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काच्या कटकटी.

1816 मध्ये त्याने इंडियाना गाठलं ते म्हणूनच. तिथे केंद्र सरकारने चौकोनी मोजणी करून जमीन विकायला काढली होती. थॉमसने 160 एकरांसाठी पैसे भरायला सुरुवात केली, पुढे निम्मी सोडली आणि 1827 मध्ये उरलेल्या 80 एकरांच्या मालकीचा सरकारी पट्टा स्वतःच्या नावावर करून घेतला. भूमिहीनाच्या नावाने असा पट्टा निघत नाही.