फुकट दिलेल्याची किंमत नसते म्हणे!

‘गरीब खेड्यांना दान देणं बंद करा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: फुकट मिळालेल्या वस्तूची लोकांना किंमत नसते, रोख पैसे दिले तर ते दारूत जातात, मदत मिळाली की माणसं काम सोडतात, बसवून दिलेले पंप वर्षा-दोन वर्षांत बंद पडतात, आणि संस्था निम्मे पैसे स्वतःच्या पगारावर उडवतात. हा मेसेज वाचून माझ्या काकूने वर्षानुवर्षं चालू असलेली देणगी थांबवली. असल्या मजकुराचा परिणाम कुठवर पोचतो ते तेव्हा कळलं, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मेसेज म्हणतो, थोडे तरी पैसे घ्या, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच घेईल आणि नीट वापरेल. हे प्रत्यक्ष तपासून झालेलं आहे! जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केनियात हिवतापापासून बचाव करणाऱ्या, औषध लावलेल्या मच्छरदाण्यांवर प्रयोग केला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. गरोदर बायका तपासणीला येतात अशा काही दवाखान्यांत मच्छरदाणी फुकट दिली, काहींत थोडी किंमत ठेवली. कुठे काय ठेवायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. किंमत शून्यावरून 60 सेंटवर नेली, म्हणजे तरीही 90 टक्के सवलत होतीच, तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण तब्बल 60 टक्क्यांनी खाली आलं. मग घरी जाऊन पाहिलं, तर फुकट घेतलेल्या बायका विकत घेणाऱ्यांपेक्षा ती कमी वापरत होत्या असं काही दिसलं नाही. पैसे मोजणाऱ्या बायका जास्त आजारी, जास्त गरजू होत्या असंही नाही. रक्त तपासलं होतं, नुसता अंदाज नव्हता.

म्हणजे त्या थोड्याशा किमतीने साधलं काय? हातात पैसा नसलेली बाई बाजूला पडली, एवढंच. आफ्रिकेत हिवतापाने मरणाऱ्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं असतात. शिवाय गावात बऱ्याच घरांत मच्छरदाण्या लागल्या की डासच मरतात आणि शेजारच्या घरालाही संरक्षण मिळतं. ‘पण फुकटची सवय लागते’ असंही मेसेजमध्ये आहे. ड्युपा यांनी पुढे तेही पाहिलं. पहिली मच्छरदाणी फुकट किंवा जवळपास फुकट मिळालेली कुटुंबं वर्षभराने दुसरी विकत घ्यायला मागे हटली नाहीत, उलट जास्त तयार होती. उपयोग कळला होता त्यांना.

दारूचा मुद्दा तर निव्वळ अपमान आहे. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतले 19 अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळजवळ कुठेच आढळलं नाही. कामचुकारपणाचंही तेच. अत्यंत गरीब कुटुंबांना जनावरं, काही महिने खर्चाला पैसे आणि प्रशिक्षण देणारा कार्यक्रम सहा देशांत अभ्यासला गेला (निष्कर्ष 2015 साली आले), त्यात माणसांचा कामाचा वेळ वाढला. होंडुरासमध्ये दिलेल्या कोंबड्या बऱ्याच ठिकाणी रोगाने मेल्या, हेही त्याच अभ्यासात आहे. पण त्याचा दोष आळसावर कसा टाकणार?

पंपांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. ‘प्लेपंप’ हे त्याचं ठळक उदाहरण. मुलांनी गोल चक्रीवर खेळायचं आणि त्या फिरण्यातून पाणी टाकीत चढायचं, अशी कल्पना. 2006 साली अमेरिकेत तिच्यासाठी मोठमोठ्या देणग्या जाहीर झाल्या. 2009 मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने हिशोब मांडला, की ठरलेलं पाणी मिळायला मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. प्रत्यक्षात मुलं नसताना बायकाच ती जड चक्री हाताने फिरवत होत्या आणि बिघडली की दुरुस्तीला कोणी येत नव्हतं. पण यात गावकऱ्यांची चूक कोणती? काही ठिकाणी चालू हातपंप काढून त्याजागी चक्री बसवली होती. त्या बायकांना आधी विचारलं असतं तर त्यांनीच नको म्हटलं असतं. देणाऱ्यांनी न विचारता केलेल्या कामाचं खापर मेसेजवाला घेणाऱ्यांवर फोडतोय.

राहिला पगारांचा मुद्दा. पैसे खाणाऱ्या संस्था असतात, त्यांचे हिशोब मागितलेच पाहिजेत. पण पगारावरचा प्रत्येक रुपया म्हणजे चोरी, हे कुठलं गणित? सहा देशांतल्या त्या कार्यक्रमात कार्यकर्ते नेमाने कुटुंबांच्या घरी जात होते, आणि त्यांच्या पगाराला पैसे लागतातच. हातपंपाचं वॉशर बदलणाऱ्या मेकॅनिकचा पगारही संस्थेच्या अशाच खर्चात लिहिला जातो. तो खर्च शून्य करा म्हणणारा माणूसच वरती पंप बंद पडतात म्हणून ओरडतोय.