निरीक्षणगृहातल्या मुलाचं शाळेचं वर्ष वाचवता येतं

मुलाला पोलिसांनी ताब्यात घेऊन निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात त्या संस्थेत, पाठवलं की घरचे आधी वकील गाठतात, मग जामिनाच्या मागे लागतात. शाळेत मात्र कुणीच जात नाही. लोक काय म्हणतील ही भीती असते, मुख्याध्यापकांपुढे उभं राहायची लाज वाटते. तिकडे हजेरीपटावर रोज गैरहजेरी लागत राहते आणि काही आठवड्यांनी पटावरून नाव जातं. खटल्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, शाळेचं वर्ष त्याच्या कितीतरी आधी बुडालेलं असतं.

'शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच, हा तर सोळाचा आहे,' असं सर्रास ऐकवलं जातं. हे अर्धवट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५३ नुसार संस्थेत ठेवलेल्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे, आणि तो कायदा अठरापर्यंतच्या सगळ्यांना लागू आहे. चौदाच्या आतल्या मुलाला तर दुहेरी कवच आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही.

मग अडतं कुठे? 'हा इथं चार दिवसांचा पाहुणा आहे' या समजुतीत. प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत संपवावी, ती चालवणारं बाल न्याय मंडळ फार तर दोन महिने वाढवू शकतं, असं बाल न्याय अधिनियमाचं कलम १४ म्हणतं. पण हे चार महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी असले तर दहावी गेलीच समजा. त्यात निरीक्षणगृहातला वर्ग म्हणजे बहुतेकदा एकच खोली. एका बाकावर सही करता न येणारा बारा वर्षांचा मुलगा, शेजारी बीजगणित अर्ध्यावर सोडून आलेला दहावीचा. आठवड्याला मुलं बदलतात. अशा ठिकाणी सगळ्यांना एकच पाढे म्हणायला लावणं म्हणजे शिकवणं नव्हे.

काम सुरू करायचं ते पहिल्याच आठवड्यात. बाल न्याय मंडळापुढे एक पानाचा साधा अर्ज द्यावा. त्यात इयत्ता, शाळा, माध्यम, परीक्षेचा अर्ज भरला आहे की नाही आणि परीक्षेची तारीख लिहावी. मागण्या तीनच ठेवाव्यात: मुलाची पुस्तकं-वह्या आत नेऊ द्याव्यात, शाळेने नाव पटावरून काढू नये, परीक्षेला बसवण्याची व्यवस्था निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांनी करावी. परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची-शाळेची माहिती, पंधरा दिवसांत मंडळाकडे जायचा असतो. त्यात शिक्षणाबद्दल 'शाळेत जातो' एवढंच लिहून भागत नाही. कोणता विषय कच्चा आहे, हॉल तिकीट कुणाकडे आहे हे आलं तरच मंडळ नेमका आदेश देऊ शकतं.

परीक्षेला नेण्याचा आदेश निदान पंधरा दिवस आधी हातात हवा. आदल्या दिवशी धावपळ केली की सोबतीला माणूस मिळत नाही, गाडी मिळत नाही. सोबतचे पोलीस साध्या वेशात असलेच पाहिजेत. गणवेशातला हवालदार केंद्राच्या फाटकाशी उभा राहिला की पेपर सुरू व्हायच्या आत सगळ्या वर्गाला कळतं. तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुणांची आठवण कुणालाच राहत नाही. त्यासाठी शाळेशी वेगळं बोलावं लागतं.

शाळा सुटलेलीच असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहे. पण सतरा नंबरची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते. फेब्रुवारीत आठवण होऊन उपयोग नाही.

सगळ्यात जास्त जपायचा तो शाळा सोडल्याचा दाखला. 'शाळा सोडण्याचे कारण' आणि 'शेरा' या दोन रकान्यांत अटकेचा किंवा केसचा अक्षरानेही उल्लेख येता कामा नये. प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा पोलिसांनी मुलाची नोंद उघड करू नये, असं बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ सांगतं. मग शाळेच्या कारकुनाने ती दाखल्यावर का लिहावी? दाखला हातात पडताच तिथेच उभं राहून वाचावा, आणि तसा शेरा दिसला तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी. पुढच्या शाळेत प्रवेशाला गेल्यावर हा कागद पहिल्यांदा तिथल्या टेबलावर उघडला जाऊ नये.