‘लहानसे पिस्तूल घ्या, कमरेला खोचा’ हा सल्ला ऐकू नका

चतुर्थीच्या आठ दिवस आधी पुतण्याने मला एक संदेश पाठवला. खाली त्याची एक ओळ होती: ‘काका, तुमच्याकडे आहेच, मलाही सांगा कोणते घेऊ.’ मग तोच संदेश बागायतदारांच्या गटातून आला, देवळाच्या गटातून आला, बायकोच्या माहेरहूनही आला. गोव्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या, पोलीस वेळेवर पोचत नाहीत, तेव्हा प्रत्येक व्यापाऱ्याने आणि एकट्या राहणाऱ्या बाईने जवळ शस्त्र ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. पुढे सल्ले आहेत. परवाना सहज मिळतो. पिस्तूल जितके लहान तितके चांगले. कमरेला खोचा नाहीतर पर्समध्ये टाका, होल्स्टरवर, म्हणजे शस्त्राच्या म्यानावर, पैसे घालवू नका. रिव्हॉल्व्हर घेतलेत तर त्याच्याकडे बघावेही लागत नाही. नुसते दाखवले तरी समोरचा पळतो. आणि घरात कोणी शिरला तर गोळी घाला, कायदा तुमच्याच बाजूने आहे.

मी डिचोलीत काजू बियांचा व्यापार करतो. मार्च ते मे या हंगामात गावोगाव रोकड घेऊन फिरावे लागते, म्हणून बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर परवान्यावर घेतले, त्याला आता नऊ वर्षे झाली. एवढ्या वर्षांत ते एकदाही कोणावर काढावे लागले नाही. पण ते अंगावर वागवणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, आणि या संदेशाप्रमाणे वागणारा माणूस एक तर स्वतःची मांडी फोडून घेईल, नाहीतर तुरुंगात जाईल. घरात लहान मूल असेल तर याहूनही वाईट होईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

परवान्याचे आधी. ‘तुमच्या आजोबांच्या बंदुकीचा परवाना असेल तर त्यावरच पिस्तूल चढवून घ्या,’ असे संदेशात आहे. सत्तरी, सांगे, काणकोणात अनेक घरी रानडुकरासाठी आणि गव्यासाठी पीक संरक्षणाची बंदूक असते. तो परवाना पिकासाठी आणि ठरलेल्या क्षेत्रापुरता दिलेला असतो. तो दाखवून खिशात पिस्तूल घालून पणजीला फिरता येत नाही. स्वसंरक्षणासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागतो, पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि तुम्हाला नेमका कसला धोका आहे हे पटवावे लागते. ‘सगळे घेतायत’ हे कारण तिथे चालत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. विनापरवाना साधे शस्त्र सापडले तर किमान दोन वर्षे कैद, पाचपर्यंत वाढू शकते. सिनेमात दिसते ते नऊ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला न मिळणाऱ्या नळीच्या मापात येते. ते विनापरवाना सापडले तर किमान सात वर्षे.

आपल्याकडची एक अडचण संदेश लिहिणाऱ्याला माहीतच नसावी. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते त्यावर लिहिलेले असते. डिचोलीहून दोडामार्ग म्हणजे आमच्यासाठी शेजारचा बाजार. सासुरवाडी सावंतवाडीला, आठवड्याला एक फेरी ठरलेली. पण परवाना फक्त गोव्यापुरता असेल तर महाराष्ट्राची हद्द ओलांडल्याक्षणी तुमच्या कमरेला असलेले शस्त्र परवान्याबाहेरचे होते. चोर्ला घाटातून बेळगावला जातानाही तेच. मी निघताना आधी कुठे जायचे ते ठरवतो, मग घ्यायचे की तिजोरीत ठेवायचे ते बघतो. निवडणूक लागली की आचारसंहितेत परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2022 ला केले, 2024 ला केले. ते आठवडे तुम्ही त्याच्याशिवायच राहता, तेव्हा सुरक्षिततेचा सगळा भार त्याच्यावर टाकणे मुळातच चूक आहे.

आता ‘जितके लहान तितके चांगले’. हा सल्ला देणाऱ्याने लहान शस्त्र कधी चालवून पाहिलेले नाही. सामान्य नागरिकाला विदेशी पिस्तूल आयात करता येत नाही, म्हणून निवड मुख्यतः आपल्या आयुध निर्माण्यांच्या बत्तीस बोअरमधूनच करायची असते. कानपूरचे निर्भीक रिव्हॉल्व्हर 2014 साली आले, बायकांच्या पर्ससाठी म्हणून, वजन साधारण अर्धा किलो. 2023 ला प्रबळ रिव्हॉल्व्हर आले, ते जवळपास सातशे ग्रॅमचे. इशापूरचे अशनी पिस्तूल आहे. जाहिरातीत हलके वजन हा गुण असतो आणि दिवसभर वागवताना तो गुण आहेही. पण हलक्या शस्त्राचा धक्का हाताला जास्त बसतो, आखूड मुठीवर करंगळीला जागा मिळत नाही, आणि आखूड नळीवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच इतकी जवळ असते की नेम केसाएवढा चुकला तरी गोळी भलतीकडे जाते. नवख्या हाताला थोडे जड, मूठ भरेल असे शस्त्र सोपे जाते. ‘बायकांसाठी लहान’ हे तर मला अजिबात मान्य नाही. ज्या बाईच्या मनगटात कमी जोर आहे तिला हलके, कडक चापाचे रिव्हॉल्व्हर सगळ्यात अवघड.

पुतण्याला हे सांगून पटेना, तेव्हा त्याला दाखवले. रिव्हॉल्व्हर उघडून काडतुसांची सहाही घरे दोनदा तपासली, वापरलेल्या काडतुसांची रिकामी आवरणे घातली, बाहेरच्या जाड चिऱ्याच्या भिंतीकडे तोंड केले आणि नळीवर एक रुपयाचे नाणे ठेवून घोडा न चढवता चाप ओढला. नाणे खाली पडले. नऊ वर्षांनीही दहातून दोनदा पडते. त्या ओढीला साधारण पाच किलोचा जोर लागतो, आणि तेवढा जोर एका बोटात आणताना बाकीचा पंजाही आवळला जातो. त्याच वेळी नळी हलते. पहिल्या वर्षी माझे नाणे प्रत्येक वेळी पडायचे. रेंजवर जाऊन काडतुसे जाळल्याखेरीज आणि घरी अशी रिकामी सवय केल्याखेरीज हे सुटत नाही. दुकानदार हे सांगणार नाही, आणि संदेशात तर सरावाचा शब्दही नाही.

इथेच काडतुसांचेही सांगतो, कारण माझ्या ओळखीच्या एकाची ही चूक होता होता राहिली. ‘बत्तीस म्हणजे बत्तीस’ नव्हे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे आवरण साधारण तेवीस मिलिमीटर लांब असते, पिस्तुलाचे सतरा. पिस्तुलाचे काडतूस कधी कधी रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतेसुद्धा, आणि घात तिथेच होतो, कारण त्याचा दाब जास्त असतो. पाकीट हातात घेऊन वाचा, आपल्या शस्त्राच्या नळीवर काय कोरले आहे ते ताडून बघा.

सगळ्यात धोकादायक ओळ म्हणजे ‘कमरेला खोचा नाहीतर पर्समध्ये टाका’. ही वाचून मला खरोखर राग आला.

होल्स्टर नुसते शोभेला नसते. ते तीन कामे करते: चाप पूर्ण झाकते, शस्त्र एकाच जागी धरून ठेवते, आणि दर वेळी मूठ त्याच जागी हाताला लागेल याची खात्री देते. नुसत्या कमरपट्ट्यात खोचलेल्या पिस्तुलाच्या चापात शर्टाचे टोक अडकते, ओढताना बोट अडकते. पोटापुढे खोचलेले असेल तर नळीचे तोंड मांडीच्या मोठ्या शिरेकडे असते. ती शीर फुटली की हॉस्पिटलपर्यंत पोचायला फार थोडी मिनिटे हातात असतात. पर्समध्ये किल्ल्या, पेन, लिपस्टिक यांतले काहीही चापाच्या कडीत शिरू शकते. पर्स खुर्चीला टांगली जाते, नातवंडे त्यात गोळी-बिस्कीट शोधतात. आणि हिसकावणारा आधी पर्सच हिसकावतो.

शिवाय कायदाही हेच सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी छोटे शस्त्र न्यायचे तर ते त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये अंगावर किंवा पाठीवरच्या पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि तुमच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे ‘होल्स्टरवर पैसे घालवू नका’ हा सल्ला सरळ नियम मोडायचा सल्ला आहे.

मी शस्त्र घेण्याआधी सुताराकडून त्याच आकाराचा लाकडी ठोकळा करून घेतला होता. वजन जुळवायला आत गळाचे शिसे भरले. तो ठोकळा होल्स्टरमध्ये घालून पंधरा दिवस दुकानात वावरलो. काजूचे पोते उचलायला वाकलो की शर्ट वर सरकायचा आणि मूठ उघडी पडायची. गाडीत बसलो की पट्टा नेमका त्यावर यायचा. स्कूटरवर बरगडीला टोचायचे. शेवटी उजव्या कमरेवर, बेंबीला बारा धरले तर चारच्या काट्यावर, किंचित पुढे झुकलेले, एवढीच जागा मला जमली. त्यासाठी रुंद, जाड, लवणार नाही असा पट्टा लागला आणि एक माप मोठे, पँटबाहेर सोडायचे सुती शर्ट शिवावे लागले. तुमची जागा वेगळी असेल. पायाला बांधलेले लवकर हातात येत नाही. खिशात ठेवायचे तर खिशाचे वेगळे होल्स्टर हवे आणि त्या खिशात दुसरे काही नको, सुटे पैसेसुद्धा नाहीत.

पुतण्याला तोच ठोकळा दिला, आणि हट्टाने तो होल्स्टरशिवाय खोचून गेला. व्हाळशीच्या गतिरोधकावर ठोकळा पँटच्या पायातून घसरून स्कूटरवर पडला. तो रस्त्यावर उभा राहून मला फोन करत होता, आवाज बदललेला. लाकूड होते म्हणून.

रिव्हॉल्व्हर नवख्याला समजायला सोपे असते, एवढे त्या संदेशातले मला मान्य आहे. काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे घर येते. पण ‘बघावेच लागत नाही’ हे गोव्यात कोणी कसे लिहू शकतो? तिसऱ्या वर्षी जून ते ऑगस्ट मी माझे चामड्याच्या होल्स्टरसकट लोखंडी कपाटात ठेवले. काढले तेव्हा चामड्यावर हिरवी बुरशी होती आणि जिथे चामड्याची पट्टी लोखंडाला चिकटली होती तिथे नखाएवढा नारिंगी डाग. मुठीच्या लाकडाखाली आणखी दोन. चामडे ओल धरून ठेवते, आणि इथल्या घामातले मीठ बाकीचे काम करते. तेव्हापासून अंगावर वागवायला कडक प्लास्टिकचे होल्स्टर, ठेवताना शस्त्र होल्स्टरबाहेर, तेलाचा पातळ हात, डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या. पावसात दर आठवड्याला उघडून पुसतो. काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि त्या कुलपाची किल्ली घरात कोणालाच माहीत नाही.

‘नुसते दाखवा, पळेल.’ शस्त्र उगारणे नियमांत स्पष्ट बंद आहे. त्यावरून परवाना जाऊ शकतो. आणि तो पळाला नाही तर? काढलेले शस्त्र परत आत घालणे फार थोड्यांना जमते. परवान्याच्या अटींत आणखी एक आहे: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचा परिसर इथे खास परवानगीशिवाय नेता येत नाही. गोव्यातल्या माणसाचे अर्धे वर्ष शिगमो, जत्रा, पालखी, काले यांतच जाते. शिरगावच्या जत्रेला मी कमरेला काही न लावता जातो आणि मला तेच योग्य वाटते. जिथे दोन पेग घ्यायचे असतील तिथेही नाही.

उरले ‘कायदा तुमच्या बाजूने’. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 स्वसंरक्षणाचा अधिकार देतात, तो खरा आहे आणि मौल्यवान आहे. पण पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो अधिकार उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. जीव घेण्यापर्यंतचा अधिकार मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा थोड्या प्रसंगांपुरताच आहे. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा जिवाची भीती वाटावी अशी चोरी. भाटात नारळ पाडणारा चोर यात बसत नाही. माझ्या गोदामाच्या मागून काजूचे पोते घेऊन पळणाराही बसत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही आरोपी, आणि ‘मला भीती वाटली होती’ हे तुम्हाला कोर्टात, वर्षानुवर्षे, वकिलाच्या फीसह सिद्ध करत बसावे लागेल.

पुतण्याला मी सांगितले ते असे: आधी रोकड कमी कर. माझे निम्म्याहून जास्त शेतकरी आता बँकेतूनच पैसे घेतात, आणि माझा रस्त्यावरचा धोका जितका त्याने कमी झाला तितका त्या रिव्हॉल्व्हरने झालेला नाही. तरीही गरज वाटली तर आधी प्रशिक्षण, मग अर्ज, मग होल्स्टर आणि पट्टा, आणि शेवटी शस्त्र. त्याने ठोकळा होल्स्टरसकट नेला, पंधरा दिवस वागवून सांगतो म्हणाला. काल फोन आला तो दुकानाच्या मागच्या दाराला कसली कडी लावावी हे विचारायला.