उत्तर : अशी बँक टिकलीच कशी?

'स्टार वॉर्स'मधल्या घोटाळेबाज बँकेवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमचं बरोबर कुठे ते सांगतो. 'क्लोन वॉर्स' या 'स्टार वॉर्स'च्या ॲनिमेटेड मालिकेच्या सहाव्या सीझनमधल्या बँकिंग क्लॅनवर (आकाशगंगेची बँक) लिहिताना मी तिचा अध्यक्ष सॅन हिलला तिजोरी रिकामी करणारा ठरवलं, ते साफ चुकलं. तिथे पैसे खाणारे कोअर फाइव्ह, म्हणजे बँक चालवणारे ते मून नावाच्या परग्रही जमातीतले पाच लंबूटांग. सॅन हिल २००२ च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स' सिनेमात डूकूच्या, म्हणजे रिपब्लिकमधून (आकाशगंगेचं सरकार) फुटलेल्या सेपरेटिस्टांच्या नेत्याच्या, बाजूला जाऊन बसतो तो. आणि एकीकडे अध्यक्ष शत्रूच्या टेबलावर, दुसरीकडे बँक म्हणे न्यूट्रल, हे मलाही खटकतंच.

पण तुमचा मेन मुद्दा, की 'एवढी घोटाळेबाज बँक आठवडाभर टिकणार नाही, हे लहान मुलांचं लॉजिक आहे', इथे नाही पटलं. अहो, कर्ज कोणाला दिलंय बघा ना. रिपब्लिकला पण आणि सेपरेटिस्टांना पण, दोघांचं युद्ध त्याच उधारीवर चाललंय, मग बँक बुडवायची कोणी? स्किपिओवरची (बँकेचा ग्रह) तिजोरी उघडून बघण्यात कोणाचाच फायदा नाही, म्हणून ती रिकामी असली तरी चालून जातं.

आणि खऱ्या दुनियेत काय वेगळं झालं हो? बीसीसीआय घ्या (क्रिकेटवालं नव्हे, बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल). १९७२ ला आगा हसन आबेदींनी काढली. रजिस्टर लक्झेंबर्गला, कारभार लंडनहून, अजून एक पाय केमन बेटांवर, म्हणजे पूर्ण हिशोब एकाच्याही नजरेखाली नाही. १९८८ मध्ये फ्लोरिडात ड्रग्जचा पैसा धुतल्याची केस झाली, १९९० च्या जानेवारीत बँकेने गुन्हा कबूल केला, आणि तरी शटर पडलं ५ जुलै १९९१ ला! कबुलीनंतर दीड वर्ष लोक काउंटरवर पैसे भरतायत. तुमचा आठवडा कुठे आणि हे कुठे.

घोटाळा उघड करून नंतर बँकेचा प्रमुख होणाऱ्या क्लोव्हिसला तुम्ही 'बावळट' म्हणालात, तेही थोडं अन्याय्य वाटतं. माणूस पाच जणांचं पितळ उघडं पाडतो, पण त्यासाठी माहिती पुरवतो डूकू, आणि खुर्चीत बसल्याबरोबर डूकू उपकार वसूल करायला हजर. म्हणतो, आमच्या कर्जाचं व्याज आम्ही भरणार नाही, बँक वाचवायची तर फक्त रिपब्लिकचा व्याजदर वाढव. आता बिचारा काय करणार, तिजोरीत दमडी नाही. वाढवला त्याने.

तुम्ही ज्याला 'घाईघाईत गुंडाळलेला शेवट' म्हणताय ना, माझ्या मते सगळी गोष्टच तिथे आहे. डूकू स्किपिओवर हल्ला करतो, रिपब्लिकचं सैन्य 'वाचवायला' येतं, क्लोव्हिस मरतो, आणि बँकांचा ताबा सरळ रिपब्लिकचा प्रमुख चॅन्सलर पॅल्पटिनच्या ऑफिसकडे. सिनेट टाळ्या वाजवतंय! डूकू गुपचूप त्याच पॅल्पटिनच्या सांगण्यावरून वागतो हे आपल्याला माहीत, त्यांना नाही. म्हणजे घोटाळा नसता तर पॅल्पटिनला बँक मिळालीच नसती.

मूळ लेखात सॅन हिलचं नाव आज दुरुस्त करतोय. आणि मून लोकांच्या उंचीवरून मारलेला जोक तुम्हाला आवडला नाही, तो मात्र राहू देतो.