४०३ मधली झुरळं

सोसायटीच्या ग्रुपवर मला अजून कुणी 'झुरळवाल्या वहिनी' म्हटलेलं नाही, पण लिफ्टमध्ये लोक ज्या नजरेने माझ्या पिशवीकडे बघतात त्यावरून ते फार लांब नाही.

झालं एवढंच. परवा रात्री पावणेबाराला ओट्याखाली झुरळ दिसलं. मी स्प्रेचा अर्धा डबा त्याच्यावर रिकामा केला, आणि सिलिंडरशेजारी जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेला गॅस डिटेक्टर बोंबलायला लागला. त्याचा काही दोष नाही म्हणा. डब्यातून औषध बाहेर ढकलायला बहुतेक वेळा ब्यूटेन-प्रोपेनच भरलेलं असतं, म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचीच भावकी. थोडक्यात, झुरळावर मी एलपीजी सोडला होता आणि यंत्राने तो इमानेइतबारे ओळखला. झुरळ निवांत निघून गेलं.

हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, एकाही बटणाला हात न लावता बाहेर आले आणि १९०६ फिरवायला फोन काढला. तेवढ्यात जिन्यातून अप्पा उतरले. बनियन, पायजमा, हातात टॉर्च.

"केव्हापासून वाजतंय?"

"आत्ताच. बहुतेक झुरळाच्या स्प्रेमुळे..."

"म्हणजे तुमच्याकडे झुरळं आहेत!"

गॅस बाजूला राहिला. अप्पांनी टॉर्चचा झोत ओट्याखाली फिरवला, डाळींच्या डब्यांमागे फिरवला, मग डिटेक्टरवर आणला.

"हे इतकं खाली कुणी बसवलं?"

"खालीच बसवतात, अप्पा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो."

"काहीतरीच. गॅस वर जातो. जत्रेतला फुगा पाहिला नाहीत? आमच्या प्रशांतकडे मुंबईत चक्क छताजवळ आहे."

"त्यांच्याकडे पाइपलाइन असेल. तो मिथेन, हलका. तो वर जातो."

"गॅस तो गॅस. मुंबईला गेला म्हणून काय जात बदलतो?"

आणि त्यांचा हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला. "वास बाहेर काढू आधी!" बटणात ठिणगी उडते. मी त्यांचं मनगट पकडलं. पंधरा वर्षांच्या शेजारात प्रथमच. नेमक्या त्याच वेळी काकू जिन्यात आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण काल वाटीभर साखर मागितली तर "संपलीय" म्हणाल्या.

वारा खेळला तसा डिटेक्टर गप्प झाला. आता संपलं, असं मला वाटलं. अप्पांना वाटलं, बिघडला. "थांबा, टेस्ट करू," म्हणत त्यांनी पायजम्याच्या खिशातून लायटर काढला. (काकूंच्या माहितीप्रमाणे त्यांनी सिगरेट सोडून आठ वर्षं झाली.) गॅस गळत असेल अशा शंकेने अर्धा जिना जागा झालेला, आणि हा माणूस लायटर काढतो! पेटवला नाही, एवढंच नशीब. जाळीला टेकवून नुसतं फुस्स केलं. डिटेक्टरने जो टाहो फोडला तो दहा मिनिटं थांबेना.

"बघा! ठणठणीत!" अप्पा म्हणाले आणि वर जाऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं: '४०३ मध्ये गॅस लीक नाही. झुरळं आहेत. काळजी नसावी.'

काल रात्री पुन्हा झुरळ. पुन्हा स्प्रे. डिटेक्टर ढिम्म. हिरवा दिवा मात्र छान लागलेला. हवेत किंचित मिसळलेला गॅस हुंगायला केलेल्या त्या नाकात थेट ब्यूटेनची फुंकर घातली की सेन्सर असाच कामातून जातो. आधीच तो म्हातारा. मागे पाहिलं तर २०१६ चा. असल्या सेन्सरचं आयुष्य साधारण पाच वर्षं.

आणि त्याच्यावर या मार्चमधलं स्टिकर, 'तपासले, ठीक', खाली सही! दर वर्षी सातशे रुपये घेऊन जाणारा तो मुलगा काय करतो, हे मी उभी राहून पाहिलंय. टेस्टचं बटण दाबतो, टुंई झालं की स्टिकर. ते बटण भोंगा आणि दिवा तपासतं. बहुतेक घरगुती यंत्रांत नाकाशी त्याचा काही संबंध नसतो. सर्दी झालेल्याला "ओरड बघू" सांगायचं आणि नाक उत्तम म्हणून दाखला द्यायचा. कारखान्यात मोजून मिसळलेला गॅस सेन्सरवर सोडतात आणि बघतात. आमच्याकडे त्या मुलाने फोडणीच्या चिकटाने बुजलेली जाळीसुद्धा कधी पुसली नाही. मी तरी कुठे पुसली? पण मी सातशे रुपये घेत नाही.

ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू कळावा म्हणून पिंजऱ्यात कॅनरी नेत, अगदी १९८६ पर्यंत. पक्षी गप्प पडला की माणसं जीव घेऊन पळायची. आमच्याकडे यंत्र गप्प पडलं की माणसं बिनघोर झोपतात. शिवाय त्या पक्ष्याला कुणी तरी दाणापाणी घालत असेल.

आज नवा आणला. फूटभर उंचीवरच लावला आणि आजची तारीख मार्करने ठळक लिहिली. जुना ई-कचऱ्याच्या पिशवीत घालून लिफ्टपाशी ठेवला, तर संध्याकाळी पिशवी रिकामी.

अप्पांनी नेला. त्यांच्याकडेही सिलिंडरच आहे. स्टुलावर चढून छताजवळ लावलाय. मी वर जाऊन सांगितलं, अप्पा, तो मेलेला आहे. त्यांनी टॉर्चने वर दाखवलं.

"हिरवा दिवा लागतोय की, वहिनी."