‘बोललं की वाढतं’ म्हणे!

माझ्या आतेबहिणीने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं होतं की बाळंतपणानंतर तिला डिप्रेशन आलं, औषधं चालू आहेत, आता बरंच सावरलंय, आणि कुणाला असं काही होत असेल तर तिला फोन करा. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर एका काकांनी ‘डिप्रेशनचे ढोल बडवू नका’ हा फॉरवर्ड टाकला. शाळासोबत्यांच्या आणि देवस्थानच्या ग्रुपवरही तोच फिरतोय. बहिणीने आपला मेसेज काढून टाकला. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

फॉरवर्डचा पहिला मुद्दा: ‘बोलल्याने आजार वाढतो, ऐकणाऱ्यालाही लागतो, आणि आत्महत्येचा विषय काढला की तो विचार डोक्यात शिरतो.’ लागतो? डिप्रेशन म्हणजे काय डोळे येणं आहे? आत्महत्येबद्दल तर जागतिक आरोग्य संघटना नेमकं उलटं सांगते. थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट त्या माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. ‘विषयच काढू नका’ हा सल्ला ज्याच्या मनात तो विचार आधीच आहे त्याला एकटं पाडतो. या एका ओळीसाठी तरी तो फॉरवर्ड पुढे जाऊ नये.

आणि ‘वाढतो’ म्हणणाऱ्यांनी लांब जायची गरज नाही. आपल्या गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगथ’ या संस्थेच्या लोकांनी चाचणी घेतली, ती २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तीव्र डिप्रेशनचे पाचशेच्या आसपास रुग्ण होते. निम्म्यांशी प्रशिक्षण दिलेली साधी माणसं बोलली. डॉक्टर नव्हेत, मानसोपचारतज्ज्ञही नव्हेत. सहा ते आठ बैठका, त्यांत बोलणं आणि सुटलेली रोजची कामं हळूहळू पुन्हा धरणं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजाराच्या बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हे रीतसर समुपदेशन होतं, ग्रुपवरचा मेसेज नव्हे, हे मान्य. पण आधी कुणीतरी ‘मलाही झालं होतं’ म्हटल्याशिवाय माणूस त्या केंद्राची पायरी चढतो कशाला?

‘आपल्या आजी-आजोबांना हे असलं काही नव्हतं.’ होतं. त्याला बाहेरची बाधा म्हणत, देवळात कौल लावत, गाऱ्हाणं घालत. मनोरुग्णालय पणजीच्या आल्तिनोवरून बांबोळीला गेलं त्याला वर्षं झाली, ‘याला आल्तिनोला पाठवा’ ही थट्टा अजून तिथेच आहे. आजोबा गप्प राहिले ते निरोगी होते म्हणून, असं कुणी सांगितलं?

गोळ्यांची सवय लागते, हा तिसरा मुद्दा. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत सवयीची चिंता न करणारे आपण! डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्या दारूसारखं व्यसन लावत नाहीत. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो, म्हणून त्या डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायच्या. इतकंच.

राहिलं ‘बोभाटा झाला की लग्नं मोडतात, नोकऱ्या जातात.’ नाइलाजाने सांगतो, यात अर्धं खरं आहे. गाव लहान, तोंडं पुष्कळ. सगळ्यांना सगळं सांगायची सक्ती कुणावर नाही. कुणाला सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, एका मैत्रिणीला सांगितलं तरी चालतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि शरीराच्या आजाराप्रमाणे मनाच्या आजारालाही विमा द्यायला सांगितलंय. घरात कुणाला सांगवत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र. त्या फॉरवर्डमध्ये ढीगभर सल्ले आहेत, हा क्रमांक मात्र कुठेच नाही.