तात्या विंचूचा आवाज कुणाचा?

‘झपाटलेला २’ या चित्रपटाची आठवण निघाली की हमखास एक मजकूर फिरतो: तात्या विंचू म्हणजे जुन्या अर्धवटरावांनाच नवे कपडे घालून उभा केलेला बाहुला, आणि त्याचा आवाज बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्ये यांचा. दोन्ही चूक आहे.

अर्धवटराव पाध्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे, वेगळे बाहुले. तात्या विंचू १९९३च्या ‘झपाटलेला’साठी घडवला गेला, तोही पाध्यांनीच. तेवढं श्रेय त्यांचं आहेच आणि ते मोठं आहे. आवाज मात्र दिलीप प्रभावळकर यांचा. पहिल्या चित्रपटात मरताना ज्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो त्या गुंडाची भूमिकाही त्यांनीच केली, म्हणूनच बाहुल्याच्या तोंडून तोच माणूस बोलतोय असं पटतं. तो घोगरा, खर्जातला स्वर काढून टाका, मग उरतं ते फक्त बाहुल्याचं हलणारं तोंड.

गैरसमज होण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. पाध्ये नावाजलेले शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे, आणि चित्रपटातला नायक लक्ष्याही (लक्ष्मीकांत बेर्डे) शब्दभ्रमाचेच प्रयोग करतो. त्यामुळे बाहुला ज्याचा, आवाजही त्याचाच असं लोक धरून चालतात.

आणखी एक. २०१३च्या दुसऱ्या भागात लक्ष्मीकांत बेर्डे यांनी काम केल्याचंही काही जण लिहितात. ते २००४च्या डिसेंबरमध्येच गेले. दुसऱ्या भागाचा नायक आदिनाथ कोठारे, लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत. दिग्दर्शक दोन्ही वेळा महेश कोठारे.

तो मजकूर पुढे पाठवणार असाल तर प्रभावळकरांचं नाव घालूनच पाठवा.